भिंतीत राहिलेली पाणसळ

मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल तर त्यात तुमचा दोष नाही. माझ्या वयाच्या पाणसळी आता अडगळीतच सापडतात, आणि मी तर नऊ वर्षे अडगळीतही नव्हते. मी एका भिंतीच्या पोटात होते.

हातभर लांबीची पिवळी पट्टी, मधोमध काचेची छोटी नळी, नळीत हिरवट पाणी आणि त्या पाण्यात एक बुडबुडा, एवढाच माझा संसार. मला कशावरही आडवी ठेवा. जागा समतल असेल तर बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मधोमध येऊन बसतो, नसेल तर एका बाजूला पळतो. मला भीडभाड ठाऊक नाही. भिंत मुकादमाची असो की मंत्र्याची, वाकडीला मी वाकडीच म्हणते.

माझा जन्म झाला तिथे नळ्यांत पाणी भरणारे एक वयस्कर काका होते. नव्याने कामावर आलेल्या एका मुलीने त्यांना विचारले, "काका, नळी पूर्ण का नाही भरत? एवढ्याशा पाण्याची कसली कंजुषी?"

काका म्हणाले, "अगं, पूर्ण भरली तर मुकी होईल बिचारी. ती एवढीशी रिकामी जागाच तर बोलते."

लोक पोकळ डौलाला नावे ठेवतात. माझा डौल मात्र खरोखरच पोकळीचा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तिथून मी एका सरकारी कचेरीत आले आणि बाईंच्या हाती पडले. बाई म्हणजे तपासनीस बाई. त्यांचे काम होते घरे बनवणाऱ्या कारखान्यावर नजर ठेवण्याचे. हो, घरे बनवणारा कारखाना! लांबच लांब शेड, जमिनीवर रूळ आणि रुळांवरून सरकणाऱ्या अख्ख्या खोल्या. एका ठिकाणी लोखंडी सांगाडा उभा राही, पुढच्या ठिकाणी नळ बसत, त्याच्या पुढे वायरी. मग दोन्ही बाजूंनी पांढरे तक्ते ठोकून भिंत मिटवली जाई. रंग लागला की घर ट्रकवर बसून सासरी निघे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणतात. झाकलेल्या भिंतीचे तसे नसते. ती एकदा मिटली की आत काय आहे, काय नाही, हे वरून कुणालाच कळत नाही. म्हणून घरे तपासायला कारखान्याने एक खाजगी संस्था नेमली होती. ती संस्था नीट तपासते की नाही हे पाहायला सरकारने बाईंना नेमले होते. थोडक्यात, बाई तपासणाऱ्यांना तपासत. भिंत मिटायला दहा मिनिटे उरली की शेडमध्ये त्यांचा आवाज घुमे, "थांबा!" सगळे हातोडे जागच्या जागी थांबत. कामगारांनी त्यांचे नावच ठेवले होते थांबाबाई. बाईंना ते माहीत होते आणि मनातून आवडतही होते.

त्या मला बॅगेतून काढत, रुमालाने माझी काच पुसत, चष्मा कपाळावर चढवत आणि एक डोळा मिटून माझ्याकडे पाहत. भिंत सरळ निघाली तर हळूच म्हणत, "लबाड नाही गं माझी." मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझे कौतुक पुष्कळांनी केले, पण त्या एका उघड्या डोळ्याची सर कशालाच आली नाही.

एकदा संस्थेच्या तरुण तपासनिसाने बाईंपुढे कागद ठेवला. त्यावर छापले होते, 'तपासणी झाली'.

"झाली म्हणजे?" बाईंनी विचारले. "संध्याकाळ झाली, सर्दी झाली, तशी आपोआप झाली का?"

"संस्थेने केली, बाई."

"संस्थेला डोळे असतात का रे?"

तो डोके खाजवू लागला. आजूबाजूचे कामगार तोंड फिरवून हसले.

"तू स्वतः पाहिलंस ना? मग लिही, मी पाहिलं. आणि खाली सही ठोक."

बाई स्वतःही तसेच करत. पाहून झालेल्या प्रत्येक भिंतीच्या आत, सांगाड्यावर, निळ्या पेन्सिलीने दोन शब्द लिहीत: 'मी पाहिलं'. एकदा सुतार म्हणाला, "बाई, आता यावर तक्ता बसणार. कोण वाचणार हे?" बाई म्हणाल्या, "वाचायला नाही लिहीत. लिहिताना हात अडखळला नाही म्हणजे झालं."

तेवढ्या एकाच वेळी मी त्यांच्या तोंडून 'झालं' ऐकले.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती. सत्तावीस नंबरचे घर रुळावर होते. बाईंनी मला त्याच्या भिंतीतल्या खालच्या आडव्या पट्टीवर ठेवले आणि माझा बुडबुडा केसभर सरकला. बाई खाली वाकल्या. कोपऱ्यातल्या खांबाच्या पायाशी चार बोल्ट हवे होते. एकच होता. ह्याच भिंतीवर वरची खोली बसणार होती.

"थांबा!" बाई ओरडल्या.

त्याच वेळी शेडच्या दुसऱ्या टोकाच्या केबिनमधून त्यांना फोनला बोलावणे आले. "आलेच," म्हणून त्या मला तिथेच ठेवून गेल्या. फोन त्यांच्या कचेरीचा होता. नवा हुकूम निघाला होता. यापुढे कागद आणि फोटो कचेरीत पोहोचले की पुरे, माणूस पाठवण्याची गरज नाही. बाईंची तिथली नेमणूक त्या क्षणापासून संपली होती.

केबिनमधला कारकून ही बातमी घेऊन बाहेर आला. हातोडा धरून ताटकळलेल्या सुताराने त्याला विचारले, "बाईंचं झालं का हो?"

कारकून हळहळून म्हणाला, "झालं बाईंचं."

बिचाऱ्याला एक सांगायचे होते, सुताराने दुसरेच ऐकले. कुणी खोटे बोलले नाही. कुणी काही पाहिलेही नाही. मी नळाच्या पाइपामागे होते. एका बाजूने तक्ता आला, मग दुसऱ्या बाजूने, आणि अंधार झाला.

थोड्या वेळाने बाईंची पावले ऐकू आली. "माझी पाणसळ कुठाय?" मग त्यांचा आवाज चढला. "उघडा ही भिंत! त्या खांबाला एकच बोल्ट आहे."

मुकादम म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुमचा अधिकार आता राहिला नाही. मागच्या खोल्या अडल्यात. मी कुणाच्या हुकमाने उघडू?"

बाईंनी तक्त्यावर तीनदा टकटक केले. मला ओरडावेसे वाटले, मी इथे आहे, बाई, इथेच आहे! पण मला फक्त बुडबुड्याने बोलता येते आणि बुडबुडा ऐकू येत नाही. पावले लांब गेली. घराच्या दाराशी कुणीतरी पत्र्याची पट्टी ठोकली. ठोकणाऱ्याने ती मोठ्याने वाचली म्हणून मला कळले: 'तपासणी झाली'.

त्या घरात एक कुटुंब राहायला आले. वडील बस चालवत, आई घरी शिवणकाम करी. दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. तिला सगळे बारकी म्हणत. तिचा पलंग माझ्याच भिंतीला लावलेला होता. आईचे मशीन सुरू झाले की मी खांबावर आपटत राही, टक टक टक.

"भिंतीत उंदीर आहे," आई म्हणे.

"नव्या घरात कसला उंदीर?" वडील म्हणत.

"मग त्याला विचारून या."

बारकी मात्र भिंतीला कान लावून माझ्याशी गप्पा मारी. तिचा श्वास मला तक्त्याच्या पलीकडून ऐकू येई. माझा त्या पोरीवर फार जीव जडला. म्हणूनच तर जिवाला घोर होता. पहिल्या वर्षी माझा बुडबुडा आणखी केसभर सरकला. तिसऱ्या वर्षी काळ्या रेघेला टेकला. सातव्या वर्षी रेघ ओलांडून गेला. खांब खचत होता, वरच्या खोलीचा भार त्यावर होता आणि खाली बारकी झोपत होती. मी अंधारात बसून खरे तेच सांगत होते. पाहायला तो एक उघडा डोळा नव्हता. त्या डोळ्याची मला इतकी आठवण येई की मशीन बंद असतानाही आपण थरथरतोय असे वाटे.

घरालाही कळत होतेच. बारकीच्या गोट्या नेहमी माझ्याच कोपऱ्यात घरंगळत येत. दार अडकू लागले, तेव्हा वडिलांनी दाराला रंधा मारला. दोष भिंतीचा आणि तासले गेले दार! शेवटी त्यांनी तक्रार केली. कारखान्याचा माणूस आला आणि दाराशीच थांबला.

"ही पट्टी बघा ना. तपासणी झाली असं लिहिलंय."

"कुणी केली?" वडिलांनी विचारले.

"झालीय ना? मग झालं तर."

तो चहा न घेताच गेला.

नवव्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी गावात अशाच एका घराची भिंत खचली. सुदैवाने घरात कुणी नव्हते. सरकार खडबडून जागे झाले. तपासणाऱ्यांना पुन्हा तपासायचे ठरले, जुन्या फायली निघाल्या. एका फायलीत बाईंची सतरा पत्रे होती. एकालाही उत्तर गेलेले नव्हते. शेवटचे पत्र हातात घेऊन एक नवा तपासनीस आमच्या घरी आला आणि त्याने ते आईवडिलांना वाचून दाखवले. मी कान देऊन ऐकत होते.

'घर नंबर सत्तावीस. कोपऱ्यातल्या खांबाची भिंत. आत माझी पाणसळ आहे. ती सापडली, तर ही भिंत कुणीही पूर्ण पाहिलेली नाही असे समजावे.'

बाई मला विसरल्या नव्हत्या. नऊ वर्षे मी त्यांची वाट पाहत होते, आणि त्या पत्रांमागून पत्रे लिहीत होत्या.

त्याच दिवशी वडिलांनी पलंग हलवला आणि तक्ता निघाला. उजेडाने माझी काच दिपली.

"बाबा," बारकी किंचाळली, "उंदीर पिवळा आहे!"

नवा तपासनीस गुडघ्यांवर बसला. त्याने आधी मला पाहिले, मग खांबाच्या पायाशी वाकून तो एकुलता बोल्ट चाचपला. मग म्हणाला, "मुलीला घेऊन आत्ताच्या आत्ता बाहेर चला."

पुढचे काही दिवस ते कुटुंब शेजाऱ्यांकडे राहिले. खांब उचलून सरळ केला, चारही बोल्ट आवळले. आणि भिंत मिटायच्या दिवशी नवा तपासनीस बाईंना गाडीतून घेऊन आला.

मी त्यांच्या पावलांचा आवाज ओळखला, पण आता त्यांच्याबरोबर काठीही होती. त्यांनी मला हातात घेतले, रुमाल काढला, माझी काच पुसली. चष्मा कपाळावर चढवायला हात वर गेला. डोळ्यांवर चष्माच नव्हता. ज्या डोळ्याची मी नऊ वर्षे वाट पाहिली, त्याला आता काहीच दिसत नव्हते.

बाईंनी चाचपून मला पट्टीवर ठेवले. "बारके, इकडे ये," त्या म्हणाल्या. "एक डोळा मीट. बुडबुडा कुठाय?"

बारकीने दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला. "मध्ये आहे, आजी."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी पाहिलं."

बाईंनी बॅगेतून निळ्या पेन्सिलीचा एक तुकडा काढून तिच्या हातात दिला.

मला वाटले होते, बाई मला घेऊन जातील. त्या बॅगेत माझी जागा अजून तशीच होती. पण त्यांनी मला एकदा कुरवाळले आणि म्हणाल्या, "लबाड नाही गं माझी. आता हिच्याकडे राहा." मी त्याच भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. फाटक वाजले की मला अजून वाटते, आल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची निगा राखा, एवढे सांगून मी थांबले असते. पण माझी काच चकचकीत असून काय उपयोग, जर पाहायला कुणी आलेच नाही? तेव्हा कुणी 'झालं' म्हणाले की लाजू नका. विचारा, कुणी पाहिलं?

ह्या भिंतीच्या आत आता ते दोन शब्द आहेत. नऊ वर्षे नव्हते. बारकी नुकतीच लिहायला शिकली होती, त्यामुळे 'पा'चा काना पडायला आला आहे आणि 'हि'ची वेलांटी पार तिरकी गेली आहे. वाकडीला वाकडी म्हणणारी मी, पण त्या अक्षरांबद्दल मी काही बोलत नाही.