दोघांपैकी एकच चालला

मोरगावहून अप्पाचा निरोप इंदापुरात मानसिंगच्या घरी आला. डोळे पार गेलेत, मागंपुढं कोणी नाही, येऊन घेऊन जा. एवढाच निरोप.

सिंधुबाईनं भाकरी थापता थापता नवऱ्याला वीस वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा ऐकवलं. तेव्हा मानसिंग आणि अप्पा मिळून मेंढरं राखत, दिवाळी झाली की कळप कोकणात उतरवत. एक पडला तर दुसऱ्यानं त्याला सोडायचं नाही, अशी दोघांनी खंडोबापुढं बेल-भंडार उचलून शपथ घेतली होती. त्याच साली घाटात मानसिंगचा पाय मोडला. अप्पानं दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी कळप घेऊन तो खाली उतरला. मानसिंगला परक्या माणसांनी उचलून गावात आणलं. पाय अजून ओढतच होता.

"शपथ दोघांची व्हती," सिंधुबाई म्हणाली. "त्यानं मोडली, तवाच तुमी सुटला."

मानसिंगला हे पटत होतं. तरी डोक्यातला किडा जाईना. एकानं मोडली की दुसऱ्याची आपोआप मोडते का? भावकीत विचारून पाहिलं, तर म्हातारपणी चळलास म्हणून हसले.

राहता राहिले शांतवन मास्तर. त्यांच्याकडं मानसिंग रोज शेळीचं दूध घालायचा. निवृत्त झाल्यापासून मास्तरांच्या मांडीवर कायम बायबल असायचं, पण त्यातले चार शब्द कुणाला सांगायचे म्हटले तरी त्यांचे कान लाल होत. मानसिंगचा प्रश्न ऐकून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"मला धड सांगता येणार नाही, मानसिंगराव. वाचून दाखवू?"

गोष्ट अब्रामाची होती. तोही कळप राखणारा, तंबूत राहणारा. देवानं त्याला मुलंबाळं आणि जमीन द्यायचं कबूल केलं. अब्राम म्हणाला, हे खरं कशावरून? तेव्हा देवानं कालवड, शेळी आणि मेंढा आणायला सांगितलं.

मानसिंग सावरून बसला. "किती वर्सांची?"

"तीन."

"अंगानं भरल्याली. मंग?"

ती जनावरं मधोमध कापून समोरासमोर मांडली. घारी-गिधाडं उतरली, ती अब्रामानं हाकलली. मानसिंगनं मान डोलावली. लिहिणाऱ्यानं मेंढरं राखली असणार. मास्तर म्हणाले, त्या काळी करार करणारे दोघंही त्या तुकड्यांमधून चालत जात. मी शब्द मोडला तर माझं असं होवो, असा त्याचा अर्थ.

"बेल-भंडारच की. मंग दोघं चालले."

मास्तरांनी पुढं वाचलं. सूर्य मावळला, अब्रामाला गाढ झोप लागली. धुमसती शेगडी आणि जळती मशाल तुकड्यांमधून गेली. त्या रूपात देवच चालून गेला.

"आन अब्राम?"

"झोपलेला."

"न्हाय मास्तर, तुमी वळ गाळली."

मास्तर स्वतःच साशंक झाले. बोट ठेवून त्यांनी पुन्हा वाचलं. तेच निघालं. दुसऱ्या दिवशी मानसिंग नववीतल्या नातीला, रोहिणीला घेऊन आला. तिनं खणखणीत वाचलं, तरी अब्राम झोपलेलाच राहिला.

"फुडं ह्याच्या लोकांनी मोडला का शबूद?"

"पुष्कळदा. अर्धं पुस्तक त्याचंच आहे."

"आन देवानं?"

"रागावला," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "फार रागावला. पण सोडलं नाही त्यानं."

मानसिंगनं दुधाची किटली उचलली आणि घर गाठलं. अप्पाला आणतोय, म्हणून सांगितलं. "आणा," सिंधुबाई म्हणाली, "पर मी त्याच्यासंगं बोलायची न्हाय."

तिसऱ्या दिवशी बारामतीला एसटी बदलून तो मोरगावला उतरला. अप्पा ओसरीवर बसला होता. ओढता पाय ऐकून त्यानं मान खाली घातली.

"मान्या, भंडार आण," तो म्हणाला. "पुन्यांदा दोघं उचलू. आता न्हाय मोडत."

मानसिंग आत गेला. देवापुढचा भंडार चिमटीत घेतला, बाहेर आला. अप्पानं चाचपडत हात पुढं केला, तो मानसिंगनं धरून त्याच्याच मांडीवर ठेवला.

"तू नगं. मी एकटाच घेतो."

"असं कुठं असतंय?"

"असतंय," मानसिंग म्हणाला, आणि भंडार त्यानं आपल्या कपाळाला लावला. "ऊठ आता. गाडी चुकंल."