आईपासून लपवलेलं अलाइनर

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी दात सरळ करायला घेतले. हौस म्हणून नव्हे. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढले होते, मधल्या हिरड्या सारख्या सुजायच्या, आणि वरचा एक वाकडा दात खालच्याला घासून घासून झिजवत होता. बर्नी गावातल्या आमच्या दातांच्या डॉक्टर विदानगे म्हणाल्या, "मेरिन, असंच चालू राहिलं तर साठीच्या आत दोन दात हातात येतील." मग चौदा महिने पारदर्शक अलाइनर लावायचं ठरलं. म्हणजे दातांवर घट्ट बसणारं प्लॅस्टिकचं पातळ कवच, एक वर, एक खाली. दर दहा दिवसांनी नवा जोड. दिवसाचे बावीस तास तोंडात ठेवायचं. काढायचं ते फक्त खाताना, किंवा पाण्याखेरीज दुसरं काही पिताना.

पहिला आठवडा वाईट गेला. कवच धरून राहावं म्हणून डॉक्टरांनी दातांवर बारीक उंचवटे चिकटवले होते, ते गालाला आतून सोलून काढायचे. कवचाची कड जिभेला लागायची. ती मी नखं घासायच्या कानशीने घासली. कवच काढताना तर वाटायचं, दातच बाहेर येतोय. आणि तोंडात लाळ इतकी, की बोलता बोलता गिळावं लागे.

मी हार्डवेअरच्या दुकानात रंगांच्या काउंटरवर काम करते. पहिल्याच सकाळी एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "थँडपेपर थहाव्या रांगेत आहे." शेजारच्या काउंटरवरचा डार्सी तिथूनच ओरडला, "मेरिन, जरा 'सहासष्ट' म्हण की!"

"तू तुझे खिळे मोज," मी म्हटलं. त्यात स नव्हता, म्हणून वाचले.

दिवसभर हाच तमाशा. म्हणून संध्याकाळी आईकडे जाताना उलट बरं वाटायचं. आईला माझा बोबडेपणा कळणारच नव्हता. मी अकरा वर्षांची असताना मेंदूज्वरात तिचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून ती ओठ वाचते. आमच्या गल्लीत कोण काय बोलतंय हे तिला खिडकीतून कळतं, आणि त्यामुळे गल्ली तिला जरा वचकूनच असते. मी पाच रस्ते पलीकडे राहते. कामावरून सुटले की तिच्याकडे चहाला जायचं आणि दिवसभराचं सांगायचं, हा नेम घटस्फोटानंतरच्या नऊ वर्षांत चुकलेला नाही.

पण अलाइनरचं तिला सांगितलं नाही. कारण तो वरचा वाकडा दात. शाळेत मुलं मला 'सशी' म्हणायची, मी रडत घरी यायचे, आणि आई म्हणायची, "हा माझ्या आईचा दात आहे. कॉर्नवॉलहून बोटीत बसून आलाय. याला कुणी हात लावायचा नाही." आजी गेल्यावर ते वाक्य आणखी जड झालं. आता हाच दात मी जागेवरून हलवणार, हे तिच्या तोंडावर कसं सांगू? म्हटलं, दहा दहा दिवसांनी केसाएवढा सरकणार, तिच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून मी तिच्यासमोर ओठ मिटून हसायला लागले. प्लॅस्टिक चमकू नये म्हणून कमी तोंड उघडून बोलायचं, मधूनच नाकाशी हात न्यायचा. चहाला नको म्हटलं, पोटात जळजळतं म्हणून.

"काय म्हणालीस?" आई विचारायची.

मी परत सांगायचे.

"कोण पडलं?"

"पडलं नाही गं, परत आलं. डबा परत आला रंगाचा."

ती मान हलवायची, पण न कळल्यासारखी. तिसऱ्या आठवड्यापासून तिने विचारणंच सोडलं. मी बोलायचे, ती "हो का?" म्हणायची. मला वाटलं, थकली असेल, अठ्ठ्याहत्तर वय आहे. खरं सांगायचं तर प्रश्न कमी झाले म्हणून मला सुटल्यासारखंच वाटलं.

मग एका बुधवारी ग्वेंडा दुकानात आली. ग्वेंडा म्हणजे आईची समोरची शेजारीण. दोघी दर गुरुवारी आईच्या गाडीतून शेजारच्या अल्व्हरस्टन गावी पत्ते खेळायला जातात. गाडी आईच चालवते. ग्वेंडाला रंगबिंग काही नको होता. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "पोरी, तुझी आई मला तिची गाडी देऊन टाकते म्हणतेय. गेले दोन गुरुवार ती पत्त्यांनाही आली नाही. तुला माहितीये ना?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी डार्सीला काउंटर बघायला सांगितलं आणि तडक निघाले.

आई स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर गाडीची कागदपत्रं नीट लावून ठेवलेली.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग, याबद्दल विचारतेयस का, अशा अर्थाने तिने कागदांकडे बोट केलं, तशी मी मान हलवली.

"बस," ती म्हणाली. "तुला सांगणारच होते. मी डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाला, डोळे ठीक आहेत. म्हणजे खोट वर आहे." तिने कपाळावर बोट टेकलं. "पुढच्या मंगळवारी स्मरणशक्तीच्या तपासणीला बोलावलंय. तोवर गाडी चालवणार नाही. वाटेत कुणाचं पोर आडवं आलं तर?"

"अगं, पण तुला झालंय काय?"

हे तिला कळलं, कारण घाबरून मी तोंड पूर्ण उघडलं होतं.

"तुझं बोलणं समजत नाही मला," आई म्हणाली. "ग्वेंडाचं समजतं, बातम्या देणारीचं समजतं, त्या दाढीवाल्या पोस्टमनचंसुद्धा समजतं. फक्त तुझं नाही. आयलीन मावशीचं असंच सुरू झालं होतं, आठवतं? बाहेरची माणसं शेवटपर्यंत ओळखायची, आणि पोटच्या पोरांना विचारायची, तुम्ही कोण. महिनाभर मी रोज घाबरत होते, की आज दार उघडेन आणि तू मला..." ती कागद सारखे करत बसली.

मला खूप शरम वाटली. मी दोन बोटं तोंडात घालून वरचं कवच उपटलं, मग खालचं, आणि दोन्ही टेबलावर ठेवली. लाळेची तार लोंबत होती.

"आई," मी म्हटलं, "तुझं डोकं शाबूत आहे. मी दात सरळ करून घेतेय. तुझ्यापासून लपवत होते, म्हणून ओठ आवळून बोलत होते."

एकही शब्द तिच्याकडून निसटला नाही. तिने एक कवच उचललं, उजेडात धरलं, उलटंपालटं केलं.

"मूर्ख," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, कारण आवाज केवढा जातो ते तिला कळत नाही, "अगं मूर्ख बाई! लपवायचं काय त्यात?"

"आजीचा दात म्हणून."

"कसला आजीचा दात! आजीच्या तोंडात माझ्या लग्नाआधीपासून कवळी होती. तिचा दात कुणी पाहिलाय? तू रडत यायचीस, तुला गप्प करायला काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं."

"आणि बोट? कॉर्नवॉल?"

"बोटीतून आली हे खरं. दाताचं माहीत नाही."

मी हसायला लागले आणि मग रडायला. आईने काही समजूत घातली नाही. ती उठली, किटली लावली, आणि पाठ करूनच म्हणाली, "पोट जळतं म्हणे. चहा सोडते म्हणे. मला वाटलं, आता माझ्या हातचंही आवडेनासं झालं."

त्या दिवशी दोन कप प्याले. मग दात घासून कवच बसवलं, आणि आईने मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. "आता हे घालून बोल. लाजू नकोस. तोंड उघड." मी दुकानातल्या रंगांची नावं सांगत गेले आणि ती ओळखत गेली. पहिल्या दिवशी निम्मी चुकली. आठवड्याभरात सगळी जमली.

मंगळवारची तपासणी तिने रद्द केली नाही. "वेळ घेतलीय, जाऊन येऊ," म्हणाली. तीसपैकी एकोणतीस गुण पडले. वार तेवढा चुकला. डॉक्टरांना तिने सुनावलं की पत्त्यांचा गुरुवार चुकला की वार कळत नाहीत, त्यात मेंदूचा काय दोष.

बावीस तासांचा हिशोब आता माझ्यापेक्षा तीच ठेवते. कप खाली ठेवला की घड्याळाकडे बोट दाखवते. अजून सात महिने बाकी आहेत. वरचा दात बराच आत आलाय. परवा हनुवटी धरून, मान तिरकी करून तिने तो नीट पाहिला. "सरळ दिसतोय," म्हणाली, आणि ग्वेंडाला घ्यायला गाडी काढली.