कांताची वरात कोण नेणार?

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. तुम्हाला वाटेल, लोखंडाला कसला आलाय मत्सर? मग ऐकाच.

माझा जन्म लढाईसाठी झाला. लढाई संपल्यावर लष्कराने मला लिलावात काढलं आणि प्रभाकररावांनी विकत घेऊन समुद्रपूरला आणलं. तेव्हापासून नत्थूजी माझे ड्रायव्हर. वर्ध्याच्या बाजारात कापूस न्यायचा, येताना मीठ, सरकी, छपराचे कवेलू, मिळेल ते आणायचं. तेव्हा गावात ट्रक म्हणजे मीच! पोळ्याला बैलांसोबत मलाही हळद-कुंकू लागायचं. नत्थूजींची लहानगी कांता माझ्या तोंडावर झेंडूची माळ बांधायची आणि दुपारी माझ्याच सीटवर झोपायची. ती माझीच, असं मी धरून चाललो होतो.

मग प्रभाकररावांनी तो हिरवा ट्रक आणला. नवा कोरा! कडुनिंबाची सावली त्याला, ऊन मला. रोज फडकं त्याला, धूळ मला. त्यातून मला एक रोग जडला होता. चालताना मी ठणठणीत, पण उन्हात इंजिन चालू ठेवून उभं केलं की माझा रेडिएटर उकळायचा. बाजाराच्या रांगेत मी वाफ सोडत उभा, आणि शेजारी तो हिरवा मजेत गुरगुरतोय! नुसता तिळपापड व्हायचा माझा.

सत्तावन्न सालच्या वैशाखात कांताचं लग्न ठरलं, जाम गावच्या श्रीधरशी. तिची वरात ट्रकमधून जाणार होती. आमच्याकडे वरात गावातून निघते ती बाजावाल्यांच्या मागे, पावलापावलाने. दारोदारी थांबून बायका नवरीला ओवाळतात. म्हणजे गाडी चालते कमी, उभीच जास्त.

प्रभाकरराव म्हणाले, "नत्थूजी, हिरवा घेऊन जा. हा मारुतीपाशीच उकळन अन् लोकायले हासाले होईन."

नत्थूजी तयार झाले. पण कांता अडून बसली. "बाबा, मी जाईन तं याच गाडीत जाईन. मले त्या हिरव्यात नाई बसाचं."

ऐकलंस का रे हिरव्या? मला तर ओरडून सांगावंसं वाटलं.

हरिभाऊ मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. रेडिएटरच्या जाळीत वर्षानुवर्षांचा कापूस बसला होता. "येवढा कापूस तं माह्या गादीत बी नाई!" मागून पाणी मारून त्यांनी जाळी धुतली, पंख्याचा पट्टा ताणला आणि इंजिन चालू ठेवून मला उन्हात उभं केलं. थोड्याच वेळात मी पुन्हा उकळलो. हिरव्यासमोर! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हरिभाऊंनी पुन्हा आत वाकून पाहिलं. "नत्थूजी, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं कुठी गेलं?"

"ते? पट्टा बदलताना हात जात नोयता, म्हणून काढलं. काई कामाचं नोयतं."

"अजी, चालत्या गाडीले समोरून हवा भेटते. उभ्या गाडीले ती पंख्यानंच ओढा लागते. कडं नाई तं पंखा तिथलीच गरम हवा घुसळून राह्यला!"

शोधाशोध सुरू झाली. शेवटी नत्थूजींच्या पत्नी मंदाबाई म्हणाल्या, "ते गोल पत्र्याचं? ते तं मी लिंबाच्या रोपाले घातलं. बकऱ्या खात होत्या."

घ्या! मी इतके दिवस हिरव्यावर जळतोय, आणि माझं कडं घालून एक वीतभर रोप अंगणात ऐटीत उभं! त्या रोपावरही मी जळलो. कांताने रोपाभोवती काट्या रोवल्या आणि कडं स्वतः उचलून आणलं. हरिभाऊंनी ते बसवलं.

वरात निघाली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मी दारोदारी थांबलो, पण वाफेचा एक फुसकारा सोडला नाही. हिरवा मागून आंदणाची भांडी घेऊन माझी धूळ खात येत होता. काय सांगू तुम्हाला तो आनंद! फक्त माझ्या सीटवर कांताशेजारी तो श्रीधर बसला होता, तेवढं मला आवडलं नाही.

जामला कांता उतरली, माप ओलांडून आत गेली. दारात बायकांची गर्दी झाली आणि ती दिसेनाशी झाली. आतून कोणी म्हणालं, "या ना व्याहीबुवा, बसा, पाणी घ्या."

"नाई जी, पोरीच्या घरचं पाणी नाई चालत आमाले," नत्थूजी म्हणाले. पण ते निघेनात. इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिरव्याने नुसती भांडी आणली होती. कांताला घरातून आणून इथे सोडणारा मी होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हे काम त्या हिरव्यालाच मिळायला हवं होतं.

नत्थूजी स्टिअरिंगवर वाकून मला हळूच म्हणाले, "रोज तं उकळत होता. आज काऊन नाई उकळून राह्यला बे?"

उकळलो असतो तर तिथे थांबायला निमित्त मिळालं असतं. मी सगळा जोर लावला, पण अंग गारच राहिलं.

मित्रांनो, जुन्या गाडीची निगा राखा. तिचा एखादा भाग बिनकामाचा समजून काढून टाकू नका. पण लेकीला सासरी पोचवून परत येताना ती वाटेत जरा रेंगाळली, तर त्या दिवशी तिला रागावू नका.