पुढे लावलेली वेळ

टेमघरला सुमतीबाईंच्या घरी, वरच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई तिथे मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकवतात. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनवर असतो. बाकीच्या तीन मशीनांना तो वायरीवरून दिसतो, जणू आपल्याच डिस्कवर आहे. मात्र ही मशीनं वेगवेगळ्या बनावटीची. त्यामुळे त्या मजकुरापासून चालणारा प्रोग्रॅम ज्याने त्याने आपापल्या मशीनवर बनवायचा. ‘मेक’ अशी आज्ञा दिली की ते काम होतं. मेक फक्त वेळ पाहतं. आधी बनवलेल्या फाइलपेक्षा मजकूर नवा असेल तर पुन्हा बनवतं, नाहीतर हात लावत नाही.

या वेळचा प्रोग्रॅम दापोड्याच्या एका गोदामासाठी होता. आलेलं पार्सल कोणत्या दाराशी न्यायचं, ते तो सांगे. शनिवारी गोदामात जाऊन तो दाखवायचा होता आणि दाखवणार होती प्रियंका. मुलांचा एक नियम होता: सामाईक मजकूर जो बिघडवेल, त्याने गोदामात यायचं नाही.

गुरुवारी वरदने मजकुरातली एक चूक काढली. त्याच्या आणि तनयाच्या मशीनवर जड पार्सलं बरोबर दाराशी जाऊ लागली. प्रियंकाच्या मशीनवर ती अजून जुन्याच दाराशी जात होती.

“तू काहीतरी बदललंयस,” वरद म्हणाला.

“मी मजकुराला हातपण नाही लावला. मेक म्हणतंय, करण्यासारखं काही नाही.”

“मेक काय तुझ्या घरचं आहे? शनिवारी तनया बोलेल.”

“मला नको मध्ये घेऊस,” तनया म्हणाली.

प्रियंकाने बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. “मेक काय बघतं?” त्यांनी विचारलं.

“वेळ.”

“मग तूही तेच बघ.”

प्रियंकाने फाइलींच्या वेळा पडद्यावर आणल्या. तिने प्रोग्रॅम बनवल्यानंतर वरदने बदल केला होता, हे तिघांनीही पाहिलं होतं. पडद्यावर मात्र तिची फाइल वरदच्या बदलापेक्षा नवी होती. तनया पुढे वाकली आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हसली. फाइलवरची वेळ तिथे अजून झालीच नव्हती.

“बाई, हिची फाइल अजून बनायची आहे.”

प्रियंकानेही घड्याळाकडे पाहिलं. तिच्या मशीनची आतली बॅटरी संपली होती, म्हणून रोज सुरू करताना वेळ हाताने लावावी लागे.

“मी दहा मिनिटं पुढे लावते,” ती म्हणाली. “नारपोलीला आमच्याकडे सगळी घड्याळं तशीच असतात. पप्पांची शिफ्ट चुकू नये म्हणून. वेळ अशीच लावायची असते, असं वाटलं मला.”

बाईंनी तिला मोठ्या मशीनवरून वेळ घ्यायची सोय दाखवली. प्रियंकाने बनवलेल्या फाइली पुसल्या आणि सगळं नव्याने बनवलं. जड पार्सल बरोबर दाराशी गेलं.

“चूक माझीच होती,” ती वरदला म्हणाली. “तनयाला पाठवायचं तर पाठव.”

वरद बाईंकडे बघत राहिला. बाईंनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

“नियम मजकुराचा होता,” तो शेवटी म्हणाला. “मजकूर तू बिघडवला नाहीस.” मग जरा थांबून म्हणाला, “पण मशीन माझं न्यायचं.”

“ने. उचलायचंही तूच,” प्रियंका म्हणाली.