दोराचं खालचं टोक

"हा दोर घेतलास तर उद्यापासून मी कामावर यायची नाही," मामी म्हणाली.

"त्यासाठीच घेतेय," सून म्हणाली.

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी बिजागऱ्या निवडत होतो, त्या तशाच हातात राहिल्या. दुकानदार दोर कापायला सुरा घेऊन उभा होता. त्याला कळेना, कापावा की नको.

ह्या दोघी सासू-सुना माझ्या शेजारच्या, भिंतीला भिंत लागून; सासूला सगळे मामी म्हणतात. मी सुतार, आणि त्यांचा धंदा झाडं उतरवायचा. घरावर कललेलं, तारांमध्ये घुसलेलं, वाळून भुसभुशीत झालेलं झाड फांदी फांदी करून खाली आणायचं. आधी मामीचा नवरा चढायचा, मग मुलगा चढायला लागला. दोघांचा दोर खालून मामीनेच धरला. पुढे मुलगा ट्रकवर गेला आणि कुठल्याशा गावात दुसराच संसार मांडून बसला. करवत आणि कमरपट्टा खुंटीवर लटकत राहिले. एका सकाळी सुनेने तो पट्टा काढला, स्वतःच्या कमरेला आवळला आणि निघाली. मामी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. दोर खांद्यावर टाकून मागोमाग गेली.

तेव्हापासून सून वर आणि सासू खाली. सुनेच्या पट्ट्याचा दोर वरच्या बेचक्यातून खाली यायचा. मामी त्याचा बुंध्याला एक वेढा द्यायची आणि टोक मुठीत धरायची. वरून "ढील" आलं की सोडायचा, "ओढ" आलं की आवरायचा, आणि पाय निसटला तर घट्ट धरून राहायचं. एवढे दोनच शब्द त्या एकमेकींशी धड बोलायच्या. बाकी दिवसभर नुसती ठिणगी.

मागच्या महिन्यात सुनेचा पाय निसटला आणि दोर थांबला नाही. सळसळत गेला, मग कुठे थांबला. सून खालच्या फांदीवर आदळली. बरगडीला असा मुका मार बसला की तिला कुशीवर वळता येईना. त्याच सकाळी दोघींची मुलावरून जुंपली होती. मामी त्याच्याशी चोरून फोनवर बोलते, हे सुनेला कळलं होतं. भांडण माझ्या घरात शब्दन्‌शब्द ऐकू आलं होतं. त्यामुळे सुनेच्या डोक्यात काय बसलं असेल, ते मला न सांगता कळत होतं.

आता बरगडी भरून आली होती, जुन्या दोराचे मधोमध झिजून धागे सुटले होते, आणि गिरणीवर कललेली निलगिरी उतरवायचं काम आलं होतं.

दुकानदाराने आधी दारात टांगलेला निळा दोर दाखवला. "म्हैस बांधा, तुटणार नाही."

"मला म्हैस बांधायची नाही." सुनेने पीळ उलगडून आतला पेड बघितला. "आत बघा किती निळा आहे आणि बाहेर कसा पांढरा पडलाय. किती दिवस उन्हात टांगलाय?" तिने नखाने खरवडलं तर पिठासारखं काहीतरी बोटाला लागलं. "हा तुम्हीच ठेवा. कपडे वाळत घाला."

मग आतून दोन दोर आले. एक जाडजूड, तीन पेडांचा, पिळाचा. मामीने लगेच त्यावर हात ठेवला. दुसरा बारीक, विणीचा, वेणीसारखा गच्च. सुनेने त्याची घडी घातली, चिमटीत दाबून बघितला, पोकळ लागतो का ते हातभर अंतरावर पुन्हा पुन्हा चाचपलं. मग पिशवीतून आखूड दोरीचा तुकडा काढून त्याच्यावर गुंडाळून गाठ मारली. गाठ वर ढकलली की सरकायची, भार टाकला की जागच्या जागी आवळायची.

"बघा सुतारदादा," ती मला म्हणाली, पण ऐकवत होती सासूला. "दोर बेचक्यातून परत माझ्याच पट्ट्याला. माझी गाठ, माझा हात. खाली कुणी धरायलाच नको."

"आणि गाठ फसली म्हणजे?" मामी म्हणाली.

"गाठ मुद्दाम फसत नाही."

मामीचा चेहरा हलला नाही.

"स्पष्ट बोल. आडून नको."

"स्पष्टच बोलते. तुम्ही दोर सोडलात. पोराची बाजू घेऊन भांडलात आणि तासाभरात माझा दोर सोडलात. सोडलात की नाही? ह्या सगळ्यांसमोर सांगा."

मला वाटलं म्हातारी आता पेटणार. पण ती दुकानदाराकडे बघत थंडपणे म्हणाली, "हो. सोडला."

दुकानदाराने सुरा खाली ठेवला. सून पांढरीफटक पडली. कितीही संशय असला तरी हे उत्तर तिने धरलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "मग आता धरून दाखवा. तुमच्याच पसंतीच्या दोराने."

आम्ही नको नको म्हणेपर्यंत तिने तो जाड दोर माल चढवायच्या लोखंडी तुळईवरून टाकला, एक टोक पोटाभोवती बांधलं आणि पेंडीच्या पोत्यांच्या थप्पीवर चढली. दुकानदार ओरडला, "अहो बाई, माझं दुकान आहे हे, सर्कस नाही!" मामीने मुकाट्याने दुसऱ्या टोकाचा खांबाला वेढा दिला आणि पाय रोवले. वेढा असला की ताकद फारशी लागत नाही, मूठ लागते.

सुनेने थप्पीवरून पाय सोडला.

दोर क्षणभर थांबला आणि मग मामीच्या हातातून सरकायला लागला. तिने दात आवळले, मान ताणली, पण बोटं मिटेनात. दाताळ्यासारखी अर्धवट वाकून तशीच राहिली. शेवटी तिने दोरात कोपर अडकवलं आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. तोवर सून खालच्या पोत्यांवर येऊन टेकली होती. मामीच्या दंडावर लालभडक वळ उमटला होता. तिने हात पदराखाली घेतले, पण सगळ्यांना दिसायचं ते दिसलं होतं.

सुनेने पोटाची गाठ सोडली. मला वाटलं, आता ती सासूजवळ जाईल. ती गेली, पण तिचा आवाज आधीपेक्षा वर चढला होता.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"थंडीपासून! आणि तुम्ही मला अशा हातांवर वर पाठवत होतात? तोंड नव्हतं सांगायला?"

"तुला सांगू? तू त्याच दिवशी मला चुलीपाशी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं! महिनाभर मी रात्री दाराला कडी लावून झोपतेय. वाटलं, ही बाई माझ्या जिवावर उठलीय."

"वाटू दे की," मामी म्हणाली. "मला लोकांनी वाईट म्हटलेलं चालतं. बिचारी म्हटलेलं चालत नाही."

एवढं बोलून ती दुकानाच्या पायऱ्या उतरली आणि एकटीच चालायला लागली. सुनेने तिला हाक मारली नाही. विणीचा दोर मोजून घेतला, दुकानदार दर सांगत होता तिकडे लक्षही दिलं नाही, आणि जाता जाता माझ्यावर खेकसली, "तुम्ही काय बघत बसलात? बिजागऱ्या घ्या की."

दुसऱ्या दिवशी गिरणीचं नवीन दार बसवायला मी तिथेच होतो. सून निलगिरीवर होती. दोर तिचा तिने बांधला होता, गाठ सरकवत सरकवत चढत होती. मामी आलीच होती. कुणी बोलावलं नव्हतं. समोरच्या ओट्यावर हात पदरात गुंडाळून बसली होती आणि नजर मात्र झाडावरून हलत नव्हती.

सुनेने दोर आणखी वरच्या बेचक्यात टाकला आणि खाली झुकायच्या बेतात होती, तेवढ्यात मामी कडाडली, "ए आंधळे! त्या बेचक्यात नको! मागून चिरलंय ते, मुडदे!"

"मला इथून दिसतंय सगळं!"

"डोंबल दिसतंय! मागून बघ की, सटवे!"

सुनेने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत दोर खालच्या बेचक्यात घेतला. मग पाय लांब करून वरच्या फांदीला लाथ घातली. कर्र् आवाज झाला आणि फांदी मोकळ्या जागेत जाऊन आदळली. पानांचा उग्र वास सगळीकडे पसरला.

गिरणीवाला धावत बाहेर आला. फांदीकडे न बघता तो मामीवरच ओरडला, "ही म्हातारी कशाला इथे? माझ्या गिऱ्हाइकांसमोर शिव्या देतेय. घरी बसवा हिला!"

"ओ शेठ!" वरून आवाज आला. "माझ्या कामावर कोण बसेल ते मी ठरवीन. तुम्ही पीठ दळा. नाहीतर अर्ध्या झाडावरून उतरते, बाकीचं तुम्ही उतरवा."

गिरणीवाला आत गेला. मामीने त्याच्या पाठीकडे बघून एक शिवी हासडली, ती मी इथे सांगत नाही.

दुपारी सून खाली आली, तेव्हा तिच्या केसांत साली अडकल्या होत्या. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून ती पाणी प्यायली. तांब्या मधे ठेवला, सासूच्या हातात दिला नाही. मामीने तो दोन्ही मनगटांमध्ये धरून तोंडाला लावला. सून दुसरीकडे बघत होती.

"उद्यापण यायचं तर या," ती म्हणाली. "पण शिव्या कमी करा. लोक ऐकतात."

"शिव्या न देता सांगितलं, तर ऐकशील?"

सून जरा वेळ खरंच विचार करत बसली. मग तोंड पुसून उठली आणि दोराकडे गेली.

"नाही," ती म्हणाली.