दोन गाठींचा राणी रंग

मित्रांनो, मी एक जुना ब्लाऊज आहे. काखेत दोनदा उसवलेला, दोनदा शिवलेला, आणि रंग म्हणाल तर आता निम्माच उरलेला. पण ऐन उमेदीत मी असा काही राणी रंगाचा होतो, की मला पाहून बायका आधी "अगंबाई" म्हणत आणि मग हळूच दुसरीकडे बघत. खोटं नाही सांगत.

जन्मलो मी टू बाय टू कापडाच्या ताग्यात. रंगवणाऱ्याचा हात त्या दिवशी जरा सढळच पडला असावा. तिथून बंगळूरला, चिक्कपेटेतल्या एका दुकानात आलो. १९९१ च्या दसऱ्याआधी बसवनगुडीच्या पद्मावतीबाईंनी ओटीत घालायला डझनभर खण घेतले, त्यात मी बारावा. बाकीचे अकरा कसे शहाण्यासारखे बिस्किटी, मोतिया, राखाडी होते. मला दुकानदाराने आपल्या मनानेच गठ्ठ्यात सरकवलं होतं.

पद्मावतीबाईंकडे शिवायचे खण वेगळे आणि द्यायचे वेगळे. घोटाळा नको म्हणून द्यायच्या खणाच्या कोपऱ्याला त्या निळ्या दोऱ्याची बारीक गाठ मारत. मला उलगडून पाहिलं, "हा कोण घालणार, बाई," म्हणाल्या, आणि मला एकाऐवजी दोन गाठी मारल्या. मला फार वाईट वाटलं. पण त्यांचं मतच तसं होतं. पन्नाशी उलटली की बाईने रंग बेताने वापरावेत. शेजारच्या एका बाईंनी साठीत पोपटी साडी नेसली, तर आमच्या बाई आठवडाभर हसत होत्या.

मग चार वर्षं मी नुसता हिंडलो. पहिल्यांदा गेलो त्यांच्या नणंदेकडे, अहल्याअक्कांकडे. त्यांनी मला चैत्रगौरीला पुढे ढकललं. तिथून एका बारशात, बारशातून के. आर. पुरमच्या एका मुंजीत, मुंजीतून पुन्हा कुठल्याशा हळदीकुंकवात. नारळाखाली दबून दबून पाठ मोडली, पण कात्री काही दिसली नाही. सगळ्या जणी मला घेताना "छान आहे हो" म्हणत आणि घरी गेल्यावर देण्याच्या पेटीत टाकत. पेटीत पडून राहणं काय असतं, ते मला विचारा.

१९९५ च्या दसऱ्यात, इकडच्या रीतीप्रमाणे घरोघर बाहुल्या मांडल्या होत्या, तेव्हा पद्मावतीबाई आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर ओटी घ्यायला आल्या. तिथे पुण्याहून सुचेता नावाची मुलगी नवीन राहायला आली होती. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. बिचारीला आठवड्यापूर्वीच मी कुणाकडून तरी मिळालो होतो. तिने मोठ्या प्रेमाने मला काकूंच्या ओटीत घातलं आणि तुम्हाला हा खूप खुलेल असंही म्हणाली. घरी येऊन बाईंनी कोपरा पाहिला. निळा दोरा, दोन गाठी. त्या खाटेवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि मला पुन्हा पेटीत ठेवलं.

त्या दिवसांत त्या घरात हसू कमीच होतं. त्यांचे यजमान त्रिविक्रमराव पोस्टातून निवृत्त झालेले. पत्त्यावरचं अक्षर किती का वाईट असेना, पत्र बरोबर लावायचे, असा माणूस. आता त्यांना काचबिंदूने धरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंबांनी सांभाळा. फिकं काही त्यांना दिसेनासं झालं होतं. धुक्यात माणसं हलतात तसं काहीतरी दिसे.

तरी आधी रोज संध्याकाळी दोघं गांधी बझारला जात. बाई चार पावलं पुढे, ते मागे. चाळीस वर्षांच्या संसारात रस्त्यात हात धरायची त्यांची पद्धत नव्हती, आणि काठी म्हटली की ते चिडत. त्याच वर्षी, मी अजून बाहेर हिंडत होतो तेव्हा, श्रावणातल्या एका संध्याकाळी भाजीवालीपाशी ते दुसऱ्याच बिस्किटी साडीच्या मागे गेले. "आण ती पिशवी इकडे," असं म्हणून तिच्या हातातली पिशवी धरली. ती बाई ओरडली, माणसं जमली. पद्मावतीबाई धावत आल्या, सगळ्यांची समजूत घातली, पण त्रिविक्रमराव मान खाली घालून घरी आले ते आलेच. त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नाही. कार्तिकात बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. लहानपणापासून त्यांची एक जत्रा चुकली नव्हती. यंदा मी येणार नाही, एवढंच ते म्हणाले. बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, ते मी पेटीतून ऐकलं.

दिवाळीनंतर एका सकाळी बाई पेटी आवरत होत्या. आम्हा सगळ्यांना खाटेवर पसरलं होतं. त्रिविक्रमराव दारात आले आणि थांबले.

"पद्मा, खाटेवर ते काय पडलंय?"

"खण आहेत. का हो?"

"एकच दिसतोय. लालभडक काहीतरी."

बाईंनी बिस्किटी खण उचलून धरला. नाही दिसला. मोतिया धरला. नाही. मग मला धरलं, तर ते सरळ चालत आले आणि माझ्यावर बोट ठेवलं. बाईंनी दोन्ही गाठी दातांनी तोडल्या आणि मला पिशवीत घातलं.

असा रंग सुनेसाठीच असणार असं धरून कोपऱ्यावरच्या बसवंत शिंप्याने तिचं माप कुठे आहे म्हणून विचारलं. बाईंनी आपलं माप दिलं. त्याने चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि "सरी अक्का", म्हणजे बरं ताई, म्हणून टेप उचलली. तेव्हा कुठे मला कात्री लागली. दुखलं, पण किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पहिल्या दिवशी त्या राखाडी साडीवर मला घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. पोपटी साडीवर स्वतः हसलेल्या बाईला लोकांच्या हसण्याची भीती किती, याची कल्पना करा. आणि हसलेच लोक. अहल्याअक्कांनी तर साठीत नवी नवरी झालीस का, म्हणून भर रस्त्यात विचारलं. बाईंचे कान लाल झाले. पण त्या मागे वळून बघत, आणि चार पावलांवर त्रिविक्रमराव माझ्यावर नजर ठेवून पुन्हा मान वर करून चालत असत. मग कान लाल झाले तरी त्यांचं काही बिघडत नसे.

जत्रेच्या दिवशी मात्र घात झाला. गार वारा सुटला म्हणून बाईंनी माझ्यावर करडा स्वेटर चढवला. बाप रे, काय गर्दी! दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग, मध्ये माणसांचा लोंढा, आणि एका वळणावर बाईंनी मागे पाहिलं तर त्रिविक्रमराव नव्हते. त्यांनी हाका मारल्या, पण पिपाण्यांच्या आवाजात कुठलं ऐकू जायला. एकदा हरवला तर हा माणूस पुन्हा घराबाहेर पडायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. छाती धडधडत होती, मला अगदी आतून कळत होतं. मग त्यांचं लक्ष स्वेटरकडे गेलं. तो ओढून काढला, देवळाच्या पायरीवर चढल्या, आणि लोक बघत असताना हात उंच करून उभ्या राहिल्या. मी त्या दंडावर जितकं दिसता येईल तितकं दिसलो.

बऱ्याच वेळाने गर्दीतून एक टोपी सरळ आमच्याकडे येऊ लागली. ते आले. धाप लागली होती.

"स्वेटर घालू नकोस गं," म्हणाले.

आणि मित्रांनो, भर जत्रेत त्यांनी माझी बाही धरली. हात नाही, बाही. ती घरापर्यंत सोडली नाही.

पुढची तीन वर्षं तशीच बाही धरून गेली. म्हणून ती उजवी बाही जास्त विटली आहे. मग उरलेली नजरही गेली. आता राणी काय आणि राखाडी काय. तरी रोज संध्याकाळी निघताना ते विचारतात, "राणी आहे ना?" आणि बाई हो म्हणतात.

परवा मी धुऊन दोरीवर होतो. बाईंनी बिस्किटी ब्लाऊज घातला होता. त्रिविक्रमरावांनी विचारलं, बाई सवयीने हो म्हणाल्या. फाटकापर्यंत गेल्या, थांबल्या, परत आल्या. मला दोरीवरून काढलं आणि तसंच घातलं.

त्यांनी बाही धरली. बोटं जरा थबकली.

"ओला आहे."

"वाळेल वाटेत. चला."

मित्रांनो, तुमच्याही घरी पेटीत गाठी मारून ठेवलेला एखादा खण असेल. फार भडक आहे म्हणून त्याला पुढच्या घरी ढकलू नका. अंगावर घाला. कुणाला तरी तुम्ही त्यामुळेच दिसाल.