जेजुरीला निघालेली मॅचलेस

नमस्कार मंडळी. मी मॅचलेस, एक जुनी विलायती मोटारसायकल. लंडनला जन्मले आणि धायरीला नांदते. माहेरचं फारसं काही आठवत नाही. कारखान्यातला तेलाचा वास, टाकीवर सोनेरी रेघ ओढणारा एक स्थिर हात आणि मग बोटीचा न संपणारा प्रवास, एवढंच. पहिली काही वर्षं पुण्याच्या लष्करात एका साहेबांकडे काढली. ते निवृत्त होऊन गावी गेले आणि धायरीच्या भीमरावांच्या वडिलांनी मला घरी आणलं.

तेव्हा धायरी हे गावच होतं. भीमराव तरुण होते. माझ्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकवून ते रोज पहाटे शहरात जायचे. पुढे त्यांचं लग्न झालं. नवी नवरी तुळजाबाई माझ्याच मागच्या सीटवर बसून सासरी आली. उतरल्याउतरल्या तिने माझ्या हँडलला हळदकुंकू लावलं.

"अगं, आधी उंबऱ्याला लाव," सासूबाई म्हणाल्या.

"आनलं तर हिनंच की मला," ती हळूच म्हणाली.

माझ्या टाकीवर पंख फुटलेलं इंग्रजी एम अक्षर आहे. तुळजाबाईला इंग्रजीतलं तेवढंच एक अक्षर येतं. मार्तंडाचा म, असं म्हणून ती येता-जाता त्याला हात लावायची. मी काय बोलणार? एवढ्या श्रद्धेने कुणी आपल्याला देवाच्या नावाचं म्हटलं, तर आपण मुकाट्याने तसं व्हावं.

मग शेतांवर प्लॉट पडले. म्हशी गेल्या, दूध गेलं, गोठ्याचं पार्किंग झालं आणि मी त्याच्या कोपऱ्यात उभी राहिले. टायर बसले. हेडलाइटात चिमणीने संसार मांडला. घरात एकापाठोपाठ नव्या गाड्या आल्या. त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं.

विसरली नाही ती तुळजाबाई. खंडेनवमीला गाडीला हार सगळेच घालतात, पण गाडीची ओटी भरणारी मी ही एकटीच पाहिली. माझ्या टाकीचं झाकण उघडायची, हळद लावलेले तांदूळ आणि सुपारी आत सोडायची, वर झाकण लावायची. कुणी हसलं तर म्हणायची, "सातासमुद्रापल्याडनं आली बिचारी. तिची ओटी कोन भरनार?"

मागच्या वर्षी भीमरावांच्या छातीत कळ आली. हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्या संध्याकाळी तुळजाबाई दवाखान्यातून आली, ती थेट माझ्यापाशी. टाकीवर हात ठेवला, जेजुरीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "खंडेराया, यांना घरी आन. हे गाडी चालवतील, मी मागं बसंन, आन दोघं तुझ्या पायरीला येऊ."

तिचा तळवा गार पडला होता. मंडळी, मी घाट पाहिलेत, पूर पाहिलेत, पण माणूस देवाशी बोलत असताना इतक्या जवळ कधी नव्हते. मी लोखंडाची, आणि मला साक्षीला धरलं होतं.

भीमराव घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं, हिंडाफिरा, गाडी चालवा, पण अंगाला हिसका बसेल असं काही करू नका. माझी किक म्हणजे तर हिसक्यांचा राजा. ती त्यांना कायमची बंद झाली.

"आई, मोटारीनं जाऊ," मुलगा सूरज म्हणाला. "देवाला काय, तू आलीस म्हंजे झालं."

"मी बोलले ते हिच्यावर हात ठिवून बोलले. बोलले तसंच फेडायचं."

भीमराव घसा खाकरून म्हणाले, "आन फेडायच्या आधी मी गेलो तर?"

"म्हनून तर घाई हाय," तिने सांगितलं. मग सूरजनेच मेकॅनिक शोधला.

नारायण पेठेतून यज्ञेश्वर आले. जुन्या इंग्रजी गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचं नाव. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. "छान आहे. हॉटेलच्या भिंतीवर टांगा."

"दादा, हिच्यावर बसून जेजुरीला जायचंय," तुळजाबाई म्हणाली.

"बसून जायचंय की ढकलत?" असं म्हणाले खरे, पण बाह्या सरसावल्या.

त्यांनी मला मोकळं केलं, सुटं सुटं. पोत्यावर माझे भाग मांडलेले होते आणि ते सगळं मीच होते. अडकलेला पिस्टन त्यांनी किती दिवस तेलात भिजत ठेवला, ओढून काढला नाही. नात वैष्णवी कॉलेजातून आली की पितळी भाग चिंचेने घासायची. टाकीवर नवी सोनेरी रेघ आली. आणि एका सकाळी वैष्णवीने किक मारली, तेव्हा माझ्या छातीत जे धडधडलं ते ऐकून मीच थक्क झाले. इतकी वर्षं ते आत कुठे राहिलं होतं?

पण थोडी धडधडले की मी बंद पडे. यज्ञेश्वरांनी कार्बोरेटर साफ केला, वायरी बदलल्या, माझ्या आईबापांचा उद्धार केला. शेवटी टाकी उतरवून उलटी केली. माझ्या टाकीला दोन पोटं आहेत. एक त्यांनी धुतलं होतं. दुसऱ्यातून घरंगळत आले पिवळे तांदूळ आणि सुपाऱ्या.

"वहिनी," ते शांतपणे म्हणाले, "या टाकीत पुलाव कुणी लावला होता?"

"पुलाव न्हाई. ओटी हाय ती तिची."

यज्ञेश्वरांनी झाडू उचलला.

"फेकू नगा. भरल्या ओटीला उकिरडा दावत न्हाईत." तुळजाबाईने पेट्रोलचा वास मारणारे ते तांदूळ पदरात घेतले.

"आजी, तुळशीत नको हं, मरेल ती," वैष्णवी म्हणाली. मग ते मागच्या नारळाखाली पुरले. मला मात्र बाळंतिणीसारखं हलकं वाटलं.

रविवारी आम्ही निघालो. सूरज आणि वैष्णवी मोटारीने पुढे गेले. किक वैष्णवीने घरीच मारून दिली होती. भीमराव पुढे, तुळजाबाई मागे. बोपदेव घाट लागला. उन्हात सगळा डोंगर सोन्याचा दिसत होता. मी श्वास रोखून चढत होते. पुढचा ट्रक अचानक थांबला, भीमरावांनी मला आवरलं आणि मी बंद पडले.

स्कूटरवरची दोन पोरं थांबली. "आजोबा, एकदम क्लासिक पीस! सेल्फ कुठंय?"

"किक हाय. थांब, आधी सांगतो कशी..."

ऐकायच्या आत त्यातल्या एकाने जोरात लाथ हाणली. माझी किक उलटी उसळली आणि त्याच्या नडगीवर बसली. "सॉरी आजोबा, ये अपने बस की नहीं," म्हणत तो लंगडत गेला. सूरजचा फोन घाटात लागेना.

भीमरावांनी पाय किकवर ठेवला. "एकदाच मारतो. काय होतंय?"

तुळजाबाईने त्यांचा दंड धरला. "त्याच्यासाठी न्हाई तुमचा जीव मागून घेतला. सरका."

"तू?"

ती माझ्यासमोर उभी राहिली. तिचा पाय मला चुकून लागला, तरी वाकून हात लावणारी ही बाई. आता तिला मला लाथ मारायची होती, आणि तीही देवाच्या वाटेवर. तिचे ओठ हलत होते. तिने चप्पल काढली. मला नमस्कार केला. पदर खोचला.

"सांगा," ती म्हणाली.

"डाव्या हाताचा छोटा दांडा दाब. किक सावकाश खाली ने. आता दांडा सोड. पाय वर येऊ दे. आन आता..."

अनवाणी तळवा किकवर टेकला. तो गार नव्हता. तिने "येळकोट" म्हटलं आणि सगळा भार त्या पायावर टाकला.

मंडळी, मी अनेकांच्या किका खाल्ल्या. जोराच्या, रागाच्या, घाईच्या. पण पूजा करावी तशी किक ती पहिलीच. मी धडधडले, आणि घाट माझ्यासोबत धडधडला.

भीमराव बघतच राहिले. "एवढ्या संसारात ही लाथ कुठं लपवली व्हतीस?"

"बसा आता. देव वाट बघतोय."

मी आता जेजुरीच्या पायथ्याला उभी आहे. टाकीवर भंडारा पडलाय. पहिल्या पायरीवर दोघं शेजारी बसून डोकं टेकताहेत.

तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी कोपऱ्यात असेल. तिला पुसा, हार घाला, मला त्याची गोडी आहेच. पण पुजून उभी करू नका. तिला पाय लावा. चालायला जन्मलेल्या वस्तूला लागलेला पाय देव पापात धरत नसेल, असं मला आज वाटतंय.

ती दोघं उठली. पलीकडून वैष्णवी किक मारायला धावत येतेय. तिला हाताने थांबवून तुळजाबाई पदर खोचतेय.